धाकटीची झडप



या वेळी लोणची-पापड काही नाही. ज्यांनी मूगवड्यांची पद्धत विचारली होती त्यांना पुढच्या वेळी नक्की सांगते. आज जे लिहिते आहे ते माझ्या धाकट्या जावेला विचारून, तिने एकदा वाचून 'जाऊ द्या' म्हटल्यावर लिहिते आहे. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, तेव्हा इथेही तेच नाव राहू द्या.

धाकटीच्या हृदयाची एक झडप बदलली. एवढंच असतं तर लिहायचं कारण नव्हतं. वडवणीसारख्या गावातसुद्धा आता बायपास झालेले, स्टेंट टाकलेले चार-सहा जण प्रत्येक गल्लीत सापडतात. पण धाकटीचं रक्त जन्मापासून नीट गोठत नाही, आणि हे आम्हाला तिच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही हृदयाच्या तपासण्या चालू असताना. छाती उघडायची, रक्त बाहेर काढून मशिनमधून फिरवायचं, आणि ज्या बाईचं दात काढल्यावर दोन दिवस रक्त थांबत नाही तिच्यावर हे करायचं. शिवाय आपण जैन. त्यातून काय काय प्रश्न उभे राहिले ते पुढे येईल.

धाकटी आमच्या घरी आली तेव्हापासून तिच्या पाळीचा त्रास मला माहीत आहे. दहा-अकरा दिवस अंगावर जायचं. आपल्याकडे अडचणीत स्थानकात जात नाही, सामायिकाची पुस्तकं हाताळत नाही. हिशोब करा, महिन्याचा तिसरा हिस्सा तिचा बाहेरच जायचा. आयंबिलाची ओळी असो की पर्युषण, हिचं मधेच तुटणार हे ठरलेलं. तिला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटायचं. माहेरी आई म्हणायची, आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं, उष्णता आहे. आजीचंही तसंच होतं, मावशीचंही. घरातल्या सगळ्या बायकांना एकच त्रास असला की तो त्रास वाटतच नाही, रीत वाटते.

पहिल्या बाळंतपणात काही झालं नाही. मात्र दहाव्या-अकराव्या दिवशी एवढा रक्तस्राव झाला की रात्री जीप करून बीडला न्यावं लागलं. तेव्हा कुणी म्हणालं जड उचललं असेल, कुणी म्हणालं आत काही राहिलं असेल. कारण आता कळलं. ज्या घटकाची तिच्या रक्तात कमतरता आहे, तो गरोदरपणात आपोआप वाढतो आणि बाळंतपणानंतर एक-दोन आठवड्यांत खाली येतो. म्हणजे बाळंतपण निभावतं आणि बाई घरी आल्यावर, सगळे निर्धास्त झाल्यावर रक्त सुरू होतं.

या सगळ्यात रक्त कमी, रक्त कमी हे पालुपद चालूच होतं. हिमोग्लोबिन कधी सात, कधी साडेसात. खजूर, बीट (ते आम्ही खात नाही, तरी प्रत्येक जण बीटच सांगतो), लोहाच्या गोळ्या. जिना चढताना धाप लागली की रक्त कमी आहे म्हणून. रात्री उशा रचून झोपायला लागली, तेही रक्त कमी म्हणूनच. एका आजाराने दुसऱ्याला किती वर्षं आपल्या पदराखाली झाकून ठेवलं बघा. लहानपणी तिला ताप येऊन गुडघे, मग घोटे, मग कोपरं अशी एकेक सांधे सुजायची. घसा दुखून येणारा तो संधिवाताचा ताप. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर घसरतं आणि त्या वर्षानुवर्षं आकसत, जाड होत जातात. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. ते तिला कधी मिळालं नाही. बीडला टूडी एको केला तेव्हा कळलं, डावीकडची मायट्रल झडप अरुंदही झाली आहे आणि गळतेही आहे. नुसती अरुंद असती तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करता येते, छाती उघडावी लागत नाही. जपानच्या कांजी इनोऊ यांनी ही युक्ती १९८२ मध्ये पहिल्यांदा केली आणि आपल्या देशात तिच्यावर हजारो बायका जगल्या आहेत. पण गळती जास्त असली की फुग्याचा मार्ग बंद.

त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. पाळीच्या त्रासासाठी चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांकडे नेलं होतं. सोनोग्राफी पाहून दहा मिनिटांत ते म्हणाले, पिशवी काढून टाका, दोन मुलं झाली आहेत, आता काय करायची? रक्ताची कसलीही तपासणी नाही. धाकटीच घाबरली म्हणून ते टळलं. नाहीतर पिशवी काढताना टेबलावर काय झालं असतं ते आता हेमॅटॉलॉजिस्टच्या चेहऱ्यावरून कळलं.

आपल्या बीड जिल्ह्यात ही काही एकटीची गोष्ट नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं २०१९ मध्ये सरकारने सर्वेक्षण केलं. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. दिवाळीनंतर आमच्या दुकानासमोरून त्यांचे ट्रॅक्टर जातात, भांडी-कुंडी, शेळ्या, पोरं सगळं वर लादलेलं. त्यातल्या बहुतेकींची कारणं वेगळी आहेत, सुट्टी घेतली की मुकादम कापतो तो खाडा, पाण्याची गैरसोय, डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती. त्या सगळ्या रक्ताच्या आजाराच्या होत्या असं मी म्हणत नाही. पण ज्या जिल्ह्यात बाईच्या अंगावर जास्त जातं याचं एकच उत्तर ठरून गेलंय, तिथे रक्त तपासायचं कुणाला सुचणार?

सुचलं ते पुण्याच्या भूलतज्ज्ञ बाईंना. आमच्याकडून हृदयाचं म्हटलं की माणसं आधी नगरला आनंदऋषिजी हॉस्पिटलात चौकशी करतात, आमचंही तेच चाललं होतं. पण पुण्याला माझा भाऊ राहतो, मुक्कामाची सोय होती, म्हणून तिकडे गेलो. ऑपरेशनची तारीखही मिळाली. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, लहानपणी नाकातून रक्त यायचं का? दात काढला तेव्हा किती वेळ थांबलं नाही? पाळीत किती पॅड लागतात, रात्री उठून बदलावं लागतं का? अंगावर न आपटता निळे डाग येतात का? धाकटी प्रत्येकाला हो म्हणत गेली. चाळीस वर्षांत हे प्रश्न तिला कुणी ओळीने विचारलेच नव्हते. बाईंनी तारीख रद्द केली. माझे दीर चिडले. रक्त तपासायला गेलं आणि उत्तर आलं, व्हॉन विलेब्रँड डिसीज, टाइप एक.

नाव अवघड आहे, आजार समजायला सोपा आहे. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स नावाच्या बारीक टिकल्या तिथे जाऊन भोक बुजवतात. त्या तिथे चिकटायला एक डिंक लागतो. त्या डिंकाचं नाव व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. हाच डिंक फॅक्टर आठ नावाच्या दुसऱ्या घटकाला पाठीवर घेऊन रक्तात फिरवतो. डिंक कमी, की फॅक्टर आठही कमी. हिमोफिलिया आपण ऐकलेला असतो, तो बहुतेक मुलग्यांना होतो, आया तो पुढे नेतात. हा मात्र बायका-पुरुष दोघांनाही सारखाच होतो, पण बाईला दर महिन्याला परीक्षा द्यावी लागते म्हणून तिलाच जास्त जाणवतो. एरिक व्हॉन विलेब्रँड या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ मध्ये एका बेटावरच्या कुटुंबावर लेख लिहिला. त्यातली मुलगी, योर्डिस, तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीत रक्त वाहून गेली. ही गोष्ट मी धाकटीला अजून सांगितलेली नव्हती, आज ती इथेच वाचेल.

मुंबईला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच नावाची संस्था आहे. रक्ताच्या अशा आजारांवर काम करते, सुरू झाली १९५७ मध्ये. आपल्या राज्यात एवढी जुनी संस्था आहे आणि मराठवाड्यात कुणाला तिचं नाव माहीत नसतं, याचं मला अजून नवल वाटतं.

एक चौकशी मीही केली होती. जवळच्या नात्यात लग्न झाल्यामुळे असे आजार होतात म्हणे. आपल्यात तर मामाची मुलगी करत नाहीत, चार साखा टाळून लग्नं होतात. डॉक्टर म्हणाले, ते टाइप तीनचं, तो जबर प्रकार दोन्हीकडून यावा लागतो. टाइप एक आई किंवा बाप, कुणा एकाकडून आला तरी पुरतो. साखा टाळून त्याला अडवता येत नाही.

आता झडपेकडे येते.

झडपा दोन जातीच्या. एक धातूची, एक जनावराच्या ऊतीची. धातूच्या झडपेत आपल्या देशाचा मान आहे, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून चौथ्या प्रयत्नाला जमवलेली चित्रा झडप. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसली. धातूची चौकट, आत प्लॅस्टिकची तबकडी, कडेला शिवायला पॉलिएस्टरची कडी. तिच्यात जनावराचं काही नाही. माझे दीर आणि हे दोघेही म्हणाले, मग प्रश्नच नाही, हीच घ्यायची. टिकतेही जन्मभर.

प्रश्न होता तो असा. धातूवर रक्ताची गुठळी धरते, म्हणून धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी मरेपर्यंत घ्यावी लागते. रक्त किती पातळ झालं ते आयएनआर नावाच्या तपासणीने सारखं पाहावं लागतं. जिचं रक्त आधीच गोठत नाही तिला जन्मभर आणखी पातळ करायचं. सर्जन म्हणाले, असं कधी कधी करावं लागतं, पण शक्य असेल तर मी टाळेन. मग त्यांनी सहज विचारलं, जेवणात पालेभाज्या किती? धाकटी म्हणाली, चातुर्मासात पालेभाजी अजिबात नाही, एरवीही अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही. थंडीत मेथी, करडई, चाकवत भरपूर. उपवास? महिन्यातून चार-पाच, पर्युषणात तेला. सर्जननी पेन खालीच ठेवलं. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं, ते त्या गोळीच्या उलट काम करतं. चार महिने शून्य आणि चार महिने पोटभर, मधे तीन-तीन दिवस उपवास, म्हणजे गोळीचं मोजमाप कधी जुळणारच नाही. ज्या बहिणी अशा गोळीवर आहेत त्यांनी चातुर्मास बसायच्या आधी आपल्या डॉक्टरांना हे मुद्दाम सांगावं. डॉक्टरांना आपला आहार माहीत नसतो.

राहिली ऊतीची झडप. ती डुकराच्या झडपेची असते किंवा गाय-बैलाच्या हृदयाभोवतीच्या पातळ पिशवीपासून शिवलेली. रसायनात मुरवून निर्जीव केलेली. गोळी जन्मभर नको. टिकते साधारण दहा ते पंधरा वर्षं, तरुण वयात थोडी कमीच.

त्या संध्याकाळी भावाच्या फ्लॅटवर दिरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, भाभी, तिला आणि आईला सांगायचं नाही. प्लॅस्टिकची आहे म्हणू. तिला काय कळणार आहे? मी म्हटलं, ती दहावीला गणितात तुमच्यापेक्षा पुढे होती, तिला सगळं कळतं, आणि छाती तिची आहे. वाद बराच झाला. हे गप्प होते, ते घरच्या वादात नेहमीच गप्प असतात. शेवटी धाकटीनेच दार उघडलं. ती बाहेर बसून सगळं ऐकत होती.

तिने विचारलं, दोन्हींत फरक काय?

दीर म्हणाले, एक गायीची, एक डुकराची.

धाकटी म्हणाली, "जीव तो जीव. गाय काय, डुक्कर काय, दोन्ही पंचेंद्रियच."

बीडला चातुर्मास असलेल्या साध्वीजींकडे जायचं ठरलं. काही जणी मला विचारतात, महाराज साहेबांनी परवानगी दिली का? ज्यांना आपल्या साधुचर्येची माहिती आहे त्यांना ठाऊक आहे, हे कर किंवा हे करू नको असं सावद्य कामात साधू-साध्वी सांगत नाहीत, सांगू शकत नाहीत. साध्वीजींनी शांतपणे ऐकलं. दोन प्रश्न विचारले, जनावर तुझ्यासाठी मारतात का, आणि तुला हे मनापासून आवडतंय का. धाकटी दोन्हीला नाही म्हणाली. त्यांनी संकल्पी हिंसा कशाला म्हणतात ते परत एकदा समजावलं, निर्णय तुमचा म्हणाल्या, जगलीस तर आलोचनेला ये म्हणाल्या, आणि मांगलिक दिलं. 'जगलीस तर' ऐकून दिरांच्या डोळ्यात पाणी आलं. धाकटीला उलट बरं वाटलं. तिच्याशी इतकं खरं त्या महिन्याभरात फारसं कुणी बोललंच नव्हतं.

मग तिने एक काम केलं, जे मला फार आवडलं. तिने सर्जनना जाऊन विचारलं, झडप सोडून बाकी काय काय जनावराचं वापरता? ते आधी हसले, मग सांगत गेले. रक्त मशिनमधून फिरवताना ते गोठू नये म्हणून हेपरिन द्यावं लागतं, ते डुकराच्या आतड्यातून काढतात. ऑपरेशन संपल्यावर हेपरिनचा परिणाम उतरवायला प्रोटामिन, ते मुळात सालमन माशाच्या बीजापासूनचं. म्हणजे धातूची झडप घेतली असती तरी हात स्वच्छ राहणार नव्हतेच. मला आमच्या सासऱ्यांचं इन्शुलिन आठवलं. ऐंशीच्या दशकात ते डुकराचं-गायीचंच असायचं, माणसाच्या नमुन्याचं नंतर आलं. सासरे रोज टोचून घेत आणि बाटलीवरचं वाचत नसत. वाचणं आणि न वाचणं यात धाकटीने वाचणं निवडलं.

सासूबाईंना तिनेच सांगितलं, मला किंवा दिरांना सांगू दिलं नाही. सासूबाई ब्याऐंशीच्या. ऐकून घेतलं, काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवस माळ हातात आणि तोंड बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, मी तेल्याचे पच्चक्खाण घेते. डॉक्टरांनी त्यांना उपवास करू नका म्हणून सांगितलंय, आम्ही सगळ्यांनी विरोध केला. त्या म्हणाल्या, तिच्यासाठी नाही, ज्याची ती आहे त्या जीवासाठी. आमची तोंडं तिथेच बंद झाली.

हेपरिनचं कोडं मला सुटत नव्हतं. जिचं रक्त गोठत नाही तिला गोठू नये म्हणून औषध कशाला? हे समजावलं ते वॉर्डातल्या सोलापूरच्या एका काकांनी. त्यांना हिमोफिलिया, मध्यम प्रकारचा, गुडघे दोन्ही वाकलेले, वय अठ्ठावन्न. महाधमनीची झडप वयाने चुन्यासारखी कडक झालेली. ते हसून म्हणाले, ताई, आमच्यासारखे आधी या वयापर्यंत पोचतच नव्हते, म्हणून हृदयाचा आजार काय असतो ते आमच्यात कुणाला माहीतच नव्हतं. फॅक्टर मिळायला लागलं आणि आम्ही म्हातारे व्हायला लागलो. काका बँकेत होते, त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशोब मांडला. फॅक्टर आठचं एक युनिट किलोमागे दिलं की रक्तातली पातळी दोन टक्क्यांनी वाढते. शंभर टक्के करायची तर किलोला पन्नास युनिट. साठ किलोच्या माणसाला एका वेळी तीन हजार. आणि बारा तासांत त्यातलं निम्मं संपतं, म्हणून परत द्यायचं. हिमोफिलियाच्या नोंदणी झालेल्या रुग्णांना सरकारी केंद्रांतून ते मोफत मिळतं, विकत घ्यायचं म्हटलं तर घर विकावं लागेल. हे लगेच दुकानाच्या वहीसारखे पुढे सरकले आणि दोघांचं जमलं.

तर कोडं असं सुटतं. प्लॅस्टिकच्या नळ्यांना लागलं की कुणाचंही रक्त गोठतं, हिमोफिलियावाल्याचंसुद्धा, उशिरा का होईना. मशिनमध्ये गुठळी झाली तर ती थेट मेंदूत. म्हणून आधी जे कमी आहे ते भरून रक्त तुमच्या-माझ्यासारखं करायचं. मग सगळ्यांना देतात तसं हेपरिन पूर्ण द्यायचं. मशिनवरून उतरवलं की प्रोटामिनने ते परतवायचं. आणि त्यानंतर जखम भरेपर्यंत, आठ-दहा दिवस, पातळी खाली येऊ द्यायची नाही. फार वरही नाही, नाहीतर उलट गुठळ्या होतात. म्हणजे पातळी रोज मोजून देणारी लॅब त्याच इमारतीत पाहिजे. आम्ही पुणे सोडलं नाही ते यासाठीच.

धाकटीला ज्या बाटल्या दिल्या त्यांत फॅक्टर आठबरोबर तो डिंकही असतो, दोन्ही माणसांच्या दान केलेल्या रक्तातून काढलेले. त्यामागे कितीतरी लोकांचं रक्त गोळा केलेलं असतं. महावीर जयंतीला आपल्याकडे शिबिरं होतात, बाटली दिली, बिस्किट खाल्लं, प्रमाणपत्र घेतलं. ती बाटली पुढे कुठे कुठे जाते ते मी पहिल्यांदा पाहिलं. अशा बाटल्या नव्हत्या तेव्हाची सोय एका बाईनेच शोधली, ज्युडिथ पूल, अमेरिकेत, १९६४ ते ६५ च्या सुमारास. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला की तळाशी पांढरा साका बसतो, त्यातच हे घटक असतात. त्याला क्रायो म्हणतात, आजही आपल्या रक्तपेढ्यांत बनतो. फ्रीजच्या तळाशी बसलेलं आपण धुऊन टाकतो, त्या बाईने ते नीट बघितलं. आणि धाकटीला जी साधी गोळी आता पाळीत मिळते, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, तीही एका बाईची, जपानच्या उताको ओकामोटो यांची, १९६२ ची. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबवावा म्हणून त्या आणि त्यांचे पती शोधत होते. त्या गोळीने चार वर्षांपूर्वीच काम झालं असतं.

ऑपरेशनच्या सकाळी धाकटीने सागारी संथारा घेतला. शुद्ध येईपर्यंत चारी आहाराचा, सगळ्या परिग्रहाचा त्याग, आणि शुद्ध आलीच नाही तर तो कायमचा. नर्सने विचारलं, हे काय पुटपुटताहेत? मी म्हटलं, सही करताहेत.

साडेपाच तास. वडवणीत सासूबाई एका सामायिकावर दुसरं सामायिक करत बसलेल्या, मोबाइल जवळ ठेवायचा नाही म्हणून शेजारची मुलगी उंबऱ्याबाहेर फोन घेऊन बसलेली.

दुसऱ्या रात्रीचं सांगते. छातीतून निघालेल्या नळ्या बाटलीत सोडलेल्या असतात, तासाला किती मिली आलं ते नर्स लिहिते. संध्याकाळपर्यंत उतरत आलं होतं. रात्री अकराला वाढलं. बाराला आणखी. छाती परत उघडावी लागते की काय म्हणून सर्जन घरून आले. रक्तविकारवाल्या डॉक्टर बाई फोनवर. लॅबने पातळी पाठवली, हिशोबापेक्षा लवकर खाली आली होती. मोठ्या ऑपरेशनात शरीर ते भराभर खर्च करतं म्हणे. डोस दिला, प्लेटलेट्स दिल्या. दोनला तेवढंच. तीनला निम्मं. मी आयुष्यात कधी मिलीत देवाला हाक मारली नव्हती.

परत उघडावी लागली नाही. अठराव्या दिवशी सोडलं.

ऊतीची झडप असली तरी पहिले तीन महिने बऱ्याच जणांना रक्त पातळ करायची गोळी देतात. धाकटीला ती दिली नाही, तिचे ठोके नियमित होते आणि रक्ताचा स्वभाव माहीत होता. हा तिच्यापुरता घेतलेला निर्णय आहे, कुणी आपली गोळी मनाने बंद करू नये. यांनी मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं की झडप बदलली की रक्तस्रावही बंद होतो. डॉक्टर म्हणाले, ते अर्धं खरं आहे. अरुंद झालेल्या महाधमनीच्या झडपेतून रक्त जोरात घुसताना त्या डिंकाचे लांब धागे ताणून तुटतात, मग म्हाताऱ्या माणसांना आतड्यातून रक्त जातं. हाइड नावाच्या अमेरिकी डॉक्टरने १९५८ मध्ये हे टिपलं होतं. त्यांचं झडप बदलल्यावर थांबतं, कारण त्यांचा डिंक जन्मतः चांगलाच असतो. धाकटीचा जन्मतःच कमी. झडप नवी झाली, रक्त तेच राहिलं.

आलोचना झाली. प्रायश्चित्त काय मिळालं ते तिचं आणि साध्वीजींचं, मी विचारलं नाही. चौविहार चालू आहे, रात्रीच्या गोळीचा आगार ठेवून. जिना चढते, पीठ मळते, परवा माझ्याशी वरच्या माळ्याच्या चाव्यांवरून भांडलीसुद्धा. तिच्या पर्समध्ये लॅमिनेट केलेलं कार्ड असतं, आजाराचं नाव, झडपेची जात, रक्तगट, आणि खाली ठळक, दाताचं काही करायच्या आधी प्रतिजैविक आणि फॅक्टर दोन्हींचं विचारा, अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. अरुंद पदरात सरकतं म्हणून ती ते आधारकार्डाच्या कप्प्यात ठेवते.

आता घरात जे चाललंय ते पुतणीचं. सोळा वर्षांची आहे, मुलाचा रिपोर्ट चांगला आला, हिचा नाही. आईसारखाच, टाइप एक. पुढे-मागे बायोडाटा करायची वेळ येईल तेव्हा हे लिहायचं की नाही यावर दिरांचं आणि धाकटीचं आतापासूनच जुंपतं. दीर म्हणतात, दिसायला काही दिसत नाही, कशाला लिहायचं. धाकटी म्हणते, ठळक लिहायचं, रक्तगटाच्या खालीच. सासूबाईंनी अजून मत दिलेलं नाही. पुतणीने रिपोर्टचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला आणि क्लासला गेली. तिच्या वर्गातल्या तीन मैत्रिणींना ती त्या भूलतज्ज्ञ बाईंचे प्रश्न विचारून आली आहे. एकीने सगळ्यांना हो म्हटलं. उद्या तिच्या आईला घेऊन दुकानावर यायला सांगितलंय.